अकरा इंच पाणी

मोहरी तडतडत नव्हती.

कढईत तेल घालून चांगली सात-आठ मिनिटं झाली होती. बायकोने चिमूटभर मोहरी सोडली, ती तळाशी जाऊन निवांत बसली. चार दाणे जरा इकडून तिकडे सरकले, एवढंच. बायको वाकून शेगडीखाली बघायला लागली.

"पेटलीय ना रे ही?"

पेटली होती. निळी, नीटस, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी ज्योत होती. देवापुढच्या निरांजनाची वात याहून मोठी असते. बटण मी शेवटपर्यंत फिरवलेलं होतंच, तरी पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. बटण फिरवलं की आपण काहीतरी केलं असं वाटतं.

व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कात बिग मेडोज नावाचं कॅम्पग्राउंड आहे, तिथली ही गोष्ट. उंची साधारण ३,५०० फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडं खालीच. तिथे ट्रेलरला विजेची जोडणी मिळत नाही. स्वयंपाक, गरम पाणी, थंडीतली ऊब, इतकंच काय फ्रिजसुद्धा, सगळं गॅसवर. हो, फ्रिज गॅसवर. आत एक बारीक ज्योत जळत राहते आणि तिच्या धगीवर वर बर्फ जमतो. हे कसं होतं ते मला कागदावर समजलेलं आहे. मनाला अजून पटलेलं नाही.

ट्रेलरच्या पोटात स्वयंपाकघर नाही असं समजू नका. तीन बर्नर आहेत, पुस्तकाएवढा ओटा आहे. पण २० फुटी डब्यात लाल मिरचीची फोडणी एकदा घालून बघा. आम्ही पहिल्याच सहलीत घातली. छतावरचा धुराचा भोंगा असा काही किंचाळला की शेजारच्या तंबूतले लोक बाहेर आले आणि आम्ही त्यांच्याआधी. मग खोकत खोकत दारं-खिडक्या उघडल्या. पुढचे तीन आठवडे आम्ही लसणाच्या उशांवर झोपत होतो. तेव्हाच ठरलं की फोडणी बाहेर. दोन बर्नरची, पेटीसारखी मिटणारी कॅम्पची शेगडी आणली आणि तिच्याबरोबर हिरव्या बाटल्या.

या हिरव्या बाटलीत एक पौंड प्रोपेन असतो, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दोन्ही बर्नर पूर्ण जाळले तर तासाभरात बाटली रिकामी. पोळ्या चालू असताना ती हमखास संपते, भात होत आला की कधीच नाही. आणि रिकामी झाली की टाकून द्यायची. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला लोखंडाची धड बाटली टाकताना जे वाटतं, ते इथे जन्मलेल्या माझ्या मुलाला सांगून समजत नाही. गॅरेजमध्ये एकेक करत चौदा जमल्या होत्या. कधीतरी उपयोगी पडतील!

एवढं करून ट्रेलरच्या तोंडाशी गॅसचा साठाच बसलेला असतो. गाडीला जोडण्यासाठी ट्रेलरच्या पुढे लोखंडाचा त्रिकोणी सांगाडा असतो, त्याला इथे 'टंग' म्हणतात, म्हणजे जीभ. थोरामोठ्यांच्या जिभेवर सरस्वती असते, आमच्या ट्रेलरच्या जिभेवर दोन सिलिंडर आहेत. प्रत्येकी २० पौंडांचे, म्हणजे नऊ किलोचे. आपल्या घरच्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरपुढे ही धाकटी पातीच. पण बाल्टिमोरचे बोगदे यांनाही घाबरतात. १० पौंडांपेक्षा मोठा सिलिंडर असेल तर तिथल्या दोन बोगद्यांतून जायला बंदी आहे, म्हणून आम्ही न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनियाचा वळसा घालून येतो. एवढा मान ज्या गॅसला द्यायचा, तो दारात असताना बाटल्या विकत घ्यायच्या?

शिवाय ट्रेलरच्या कुशीवर, पायरीच्या बाजूला, एक पितळी तोंड होतंच. वर रबरी टोपी, शेजारी चिमुकला कॉक. बाहेरच्या शेगडीसाठीच दिलेलं. योग्य टोकांची नळी मागवली, एक टोक भिंतीत, दुसरं शेगडीच्या रेग्युलेटरला. साबणाचा फेस लावून सांधे तपासले, एकही बुडबुडा आला नाही. इतकी निर्दोष जोडणी माझ्या हातून कधी झाली नव्हती. आणि मोहरी तळाशी बसून राहिली.

आता लाज वाटायची गोष्ट सांगतो. मी पाणीपुरवठ्याचा माणूस. सहा वर्षं ठाणे जिल्ह्यात, त्यानंतर चोवीस वर्षं न्यू जर्सीत. नळाला दाब का नाही, हा प्रश्न सोडवण्यावर माझं घर चाललं आहे. उमेदवारीत असताना एका सोसायटीची तक्रार आली होती की तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. आम्ही टाकी पाहिली, पंप पाहिला, पाइप ठोकून पाहिले. शेवटी निघालं काय, तर वॉचमनने पाणी पुरावं म्हणून टाकीखालचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला होता आणि तळमजल्यावरच्या काकांनी, त्यांच्या नळाला फार जोर येतो म्हणून, पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला होता. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मात्र पहाटे पाच वाजता नळाखाली तांब्या धरून बसलेल्या.

ही गोष्ट मी आजवर पन्नास जणांना सांगितली असेल. पण त्या संध्याकाळी, निरांजनाएवढ्या ज्योतीपुढे उभा असताना, ती मला आठवली नाही. आठवली रात्री, ट्रेलरच्या कपाटात चिकटवलेला कागद वाचताना. त्यावर लिहिलं होतं की या ट्रेलरच्या गॅसचा दाब ११ इंच पाणी.

११ इंच! मला हसूच आलं. आम्ही पाणी मीटरमध्ये मोजणारी माणसं. आमच्या गावच्या नळाला चौरस इंचाला साठेक पौंडांचा दाब असतो, म्हणजे ४२ मीटर पाणी. हे ११ इंच म्हणजे सव्वा वीत. काचेच्या वाकड्या नळीत पाणी भरून एका टोकाने गॅस सोडला, तर दुसऱ्या बाजूचं पाणी सव्वा वीत चढेल, एवढीच त्याची ताकद. आजी चुलीत फुंकणीने फुंकायची तेव्हा याहून जास्त जोर लावत असणार.

सिलिंडरच्या आत मात्र वेगळा कारभार. साध्या हवामानातसुद्धा आत १०० पौंडांच्या वर दाब असतो. पाण्याच्या हिशेबात ७० मीटर, म्हणजे वीस मजल्यांच्या वरची टाकी. ती सव्वा वितीवर आणून ठेवायचं काम सिलिंडरशेजारचा रेग्युलेटर दोन टप्प्यांत करतो. भिंतीतल्या पितळी तोंडाशी जो गॅस येतो तो असा आधीच समजूत घातलेला. आणि माझ्या शेगडीला तर स्वतःचा रेग्युलेटर होता. तिची घडण हिरव्या बाटलीसाठी, म्हणजे वीस मजल्यांचा दाब अंगावर येणार या तयारीने ती बसलेली. समोरून सव्वा वीत आली, तर तिने सवयीप्रमाणे तिलाही चाळण लावली. वॉचमन आणि तळमजल्यावरचे काका.

घरात हा प्रकार मी लहानपणी रोज पाहिला होता. पिक्चरला दहा रुपये हवे असले की आधी आईकडे जायचं. आई दहाचे पाच करून बाबांच्या कानावर घालायची आणि बाबा आईने वाढवून सांगितलं असेल असं धरून अडीच हातावर ठेवायचे. अडीच रुपयांत पिक्चर येत नाही. शेंगदाणे येतात.

उपाय दोनच होते. स्वतःचा रेग्युलेटर नसलेली, सव्वा वितीवर चालणारी शेगडी भिंतीला जोडायची, किंवा ट्रेलरच्या रेग्युलेटरच्या आधीच, थेट सिलिंडरपाशी फाटा काढून वीस मजली गॅस शेगडीच्या रेग्युलेटरपर्यंत न्यायचा. रेग्युलेटर एक हवा. दोन झाले तर मोहरी बसून राहते. एकही नसला तर भुवया जातात. हा तिसरा प्रयोग करून पाहण्यासारखा नाही. बाकी चुका मी सगळ्या करून पाहिल्या आहेत, ही तेवढी सोडली.

मी फाट्याचा मार्ग घेतला, कारण शेगडी नवी होती आणि माझा हात पाइपाला सरावलेला. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये एक पितळी टी बसवली, बाहेरच्या फाट्यावर छोटा कॉक असलेली. तिथून १२ फुटांची जाड नळी, कारण सिलिंडर पुढे आणि आमचं जेवणाचं टेबल मागे छत्रीखाली. पाच फुटी नळी आधी आणून झाली होती. तिच्यावर स्वयंपाक करायचा तर बायकोला गाडीच्या हुकाला टेकून उभं राहावं लागलं असतं. काम अर्ध्या तासाचं. घराच्या अंगणात तेल तापवलं, मोहरी टाकली, ती तडतडली, आणि एक दाणा उडून माझ्या चष्म्याला लागला. इतक्या आनंदाने चष्मा मी कधी पुसला नव्हता.

हे सगळं वसंतात. ऑक्टोबरात आई आली.

आईचं आणि गॅसचं नातं जुनं आणि आदराचं. मुंबईत सिलिंडरचा गॅस आला १९५५ साली, बर्मा-शेलचा. जुने लोक त्याला बर्शेनच म्हणायचे. आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडात तो पोचायला पुढची पंचवीस वर्षं गेली. नंबर लावून ठेवलेला, कार्ड देवाच्या कपाटात. तोवर पितळी स्टोव्ह. रॉकेल ओता, काकडा पेटवा, पंप मारा, ज्योत पिवळी झाली की पिन मारा. मी पुढे पाण्याच्या दाबाचं शिक्षण घेतलं खरं, पण दाब म्हणजे काय ते आईच्या मनगटाला माझ्याआधी ठाऊक होतं. सिलिंडर घरी आला त्या दिवशी तिने त्याला हळदकुंकू वाहिलं. आणि त्या रात्रीपासून एक नेम धरला, झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद. दिवा मालवायचा, कडी लावायची, गॅस बंद करायचा. हा क्रम बाबा गेले त्या रात्रीही चुकला नव्हता.

बिग मेडोजला पोचल्यावर तिने सगळी व्यवस्था हिंडून पाहिली. टी पाहिली, नळी पाहिली, साबणाच्या फेसाची परीक्षा स्वतः घेतली. नळी जोडताना गॅसचा किंचित भपकारा आला, तशी म्हणाली, "वास मात्र आपलाच आहे हो." खरंच आहे. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन घालतात, आपल्याकडेही तेच. सात समुद्र ओलांडून तिच्या ओळखीचं पहिलं काही भेटलं असेल तर ते हे.

मग मी तिला माझा शोध सांगितला. आपल्या घरगुती रेग्युलेटरचा दाब असतो ३० सेंटिमीटर पाणी, म्हणजे जवळजवळ पावणेबारा इंच. ट्रेलरच्या भिंतीतला ११ इंच. म्हणजे डोंबिवलीच्या ओट्यावरची शेगडी आणि हा अमेरिकन डबा, दोघांमध्ये पाऊण इंचाचा फरक! आपल्या शेगडीला स्वतःचा रेग्युलेटर नसतो, त्यामुळे भांडणाचं कारणच नाही.

"मग सांगायचंस की," आई म्हणाली, "माझीच आणली असती. भाजणी थोडी कमी केली असती."

२३ किलोंच्या बॅगेत शेगडी! ते जमणारं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. आपल्या गॅसमध्ये ब्यूटेन बराच, इथला जवळजवळ निव्वळ प्रोपेन, त्यामुळे आतली छिद्रं वेगळी लागतात. नळीची टोकं वेगळी, नियम वेगळे. आणि ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळायचा थांबतो. इथल्या हिवाळ्यात तो सिलिंडरच्या तळाशी पांघरूण घेऊन पडून राहील. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उठून कामाला लागतो. पण हे मी तिला सांगितलं नाही. "पुढच्या वेळी आण," म्हणालो.

संध्याकाळी तिने पितळी टीच्या जोरावर पिठलं केलं. मोहरी तडतडली, हिंगाचा वास झाडांत गेला. पलीकडच्या मोठ्या ट्रेलरमधले टोपीवाले आजोबा वास काढत आले आणि पिठल्याची वाटी घेऊन गेले. जेवणं झाल्यावर अस्वलांच्या नियमाप्रमाणे भांडी घासून, तेलाची बाटलीसुद्धा आत. अस्वलांना काय आवडतं याची यादी तिथे लावलेली असते. त्यात पिठलं नाही, पण धोका कोण घेणार?

पहाटे चारला मला जाग आली ती वाऱ्याने. ट्रेलरची भट्टी गार वारा घालत होती. पंखा बॅटरीवर चालतो, तो सुरू व्हायचा. ज्योत पेटण्याची टिकटिक व्हायची, पेटायची नाही. तीनदा प्रयत्न करून ती गप्प बसली. बाहेर दोन अंश होतं. फ्रिजचाही लाल दिवा लागलेला. आतल्या श्रीखंडाला काही झालं नव्हतं, कारण एव्हाना अख्खा ट्रेलरच फ्रिज झाला होता. मुलगा झोपेच्या पिशवीतून फक्त नाक बाहेर काढून म्हणाला, "बाबा, गॅस संपला?"

दोन्ही सिलिंडर एकदम कसे संपतील? टॉर्च घेऊन बाहेर गेलो. दोन्हींचे व्हॉल्व्ह घट्ट बंद. अगदी नेमाने, शेवटच्या फेऱ्यापर्यंत बंद केलेले.

"मीच केले," पाठीमागून आईचा आवाज आला. शाल लपेटून ती पायरीवर उभी. "तुम्ही सगळे झोपलात, गॅस तसाच चालू. इतका मोठा झालास, पण रात्री गॅस बंद करायची सवय नाही तुला."

मी काय बोलणार? हात गारठलेले, घाईने दोन्ही व्हॉल्व्ह भराभर उघडले, आत गेलो, भट्टी लावली. पंखा, टिकटिक, काही नाही. चहासाठी आतला बर्नर पेटवून पाहिला. निरांजन! तीच, वसंतातली, निळी नीटस ज्योत. पुन्हा दाब नाही. आता तर मध्ये रेग्युलेटरही एकच. मी पुन्हा बाहेर जाऊन टीकडे संशयाने बघत बसलो. माझीच करणी असणार.

उजाडता उजाडता टोपीवाले आजोबा पिठल्याची धुतलेली वाटी परत द्यायला आले. मी उकिडवा बसलेला पाहून त्यांनी व्हॉल्व्ह बंद केले, सगळे. खिशात हात घालून दहा मिनिटं आपल्या नातवंडांबद्दल बोलले. मग एकेक व्हॉल्व्ह उघडला, इतका हळू की हात हलतोय की नाही ते कळू नये. "सुट्टीवर आलायस ना? मग घाई कसली?" एवढंच म्हणाले. आत भट्टी धप् करून पेटली.

सिलिंडरला जोडायच्या टोकात एक सुरक्षेची युक्ती असते. गॅस एकदम धावून आला तर तिला वाटतं नळी तुटली, आणि ती वाट आवळून धरते, अगदी निरांजनापुरती सोडते. पुन्हा मोकळी करायची तर बंद करून थोडं थांबायचं आणि हळू उघडायचं. त्या दिवसापर्यंत मी ती न वाचलेल्या पानातच ठेवली होती. तिच्या समजुतीत काही चूक नव्हती. पहाटे चारला धाडकन व्हॉल्व्ह उघडणारा माणूस बघून मलाही काहीतरी तुटल्यासारखंच वाटलं असतं.

आता प्रश्न आईचा. मोठे व्हॉल्व्ह बंद करू नकोस असं सांगितलं तर ती ऐकेल, पण रात्रभर जागी राहील. दुसऱ्या दिवशी मी तिला सिलिंडरपाशी नेलं आणि टीवरचा तो छोटा कॉक दाखवला. "हा बाहेरच्या शेगडीचा. हा रोज रात्री बंद करायचा, तुझ्यावर सोपवला. हे दोन मोठे आत ऊब येण्याचे, यांना हात नाही लावायचा." तिने कॉक दोनदा फिरवून पाहिला. मग मोठ्या व्हॉल्व्हकडे बघत म्हणाली, "हे पण जरा गरम नाही ना होत रात्री?"

त्या रात्री सगळे झोपल्यावर दार करकरलं. पायरीवर चपला वाजल्या, मग पाचोळ्यावर, मग पुढे सिलिंडरपाशी जाऊन थांबल्या. बराच वेळ काही आवाज नाही. मी अंधारात डोळे उघडे ठेवून पडलो होतो. चपला परत आल्या, दार लागलं, कडी लागली. मी वाट पाहत राहिलो. पंखा सुरू झाला. टिकटिक झाली. धप्.

मी कूस बदलली.